पाणी न धरणारं पातं

मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया चालू असते, तेव्हा एकाच टेबलावर दोन धातू असतात. कातडी उघडतं ते पातं पोलादाचं. मांडीच्या हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत, चकचकीत टोपी बसवतात ती बहुतेक वेळा कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. पातं काही मिनिटांचं काम करतं आणि टाकून दिलं जातं. टोपी मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं माणसाच्या वजनाखाली, शरीरातल्या खारट द्रवात, रोज हजारो वेळा घासली जाते. ती गंजत नाही आणि झिजते तीही अगदी थोडी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला जीएसटी वगळून ५४,७२० रुपये हा दर ठरला. तेव्हापासून ‘कोबाल्ट-क्रोम’ हे नाव हाडांच्या दवाखान्यातल्या चौकशीच्या खिडकीपर्यंत पोचलं.

जो धातू इतका सोशीक आहे, त्याचा चाकू का करत नाहीत? निदान खिशातला घडीचा चाकू, जो आपण ओला मिटतो आणि विसरतो? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पडला होता, आणि काही कारागिरांनी तो प्रत्यक्ष पात्यावर सोडवूनही पाहिला. त्याचं उत्तर शोधताना पोलाद म्हणजे काय आणि धार म्हणजे काय, हे दोन्ही जास्त नीट कळतं, म्हणून तो इथे घेतला आहे.

आधी एक भीती बाजूला काढू. आपल्याकडे घरोघर ‘कोबाल्ट’ हा शब्द कर्करोगाच्या शेकामुळे माहीत झाला. पेशंटला कोबाल्ट चालू आहे, असं म्हणतात. ते कोबाल्ट-६०. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून ते मुद्दाम तयार करतात आणि ते किरणोत्सारी असतं. गुडघ्यातला, चाकूतला, लेथच्या टूलमधला कोबाल्ट म्हणजे निसर्गात सापडणारा कोबाल्ट-५९. तो स्थिर असतो, त्यातून किरण निघत नाहीत. मूलद्रव्यांच्या तक्त्यात तो लोखंडाच्या शेजारी बसतो. लोखंडाचा क्रमांक २६, याचा २७. शेजारी असूनही स्वभाव किती वेगळा आहे, ते पुढे येईलच.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं रुग्णालय १८९४ साली सुरू झालं. त्याच वर्षी ४ जुलैला अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावात एलवूड हेन्स या माणसाने स्वतःची मोटारगाडी रस्त्यावर चालवून दाखवली. मोटारींच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते या गाडीमुळे, पण त्याचा जीव खरा धातूंमध्ये रमायचा. न गंजणारा, डाग न पडणारा, तरी कापू शकणारा धातू त्याला हवा होता. बायकोला न काळवंडणारे सुरी-काटे हवे होते म्हणून तो या नादाला लागला, अशी गोष्ट सांगितली जाते. १९०७ मध्ये त्याने कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. पुढे त्यात टंगस्टन आणि मॉलिब्डेनम घालून त्याची पेटंटं १९१३ मध्ये घेतली. या कुटुंबाला त्याने ‘स्टेलाइट’ असं नाव दिलं.

जेवणाच्या टेबलासाठी शोधलेला हा धातू गेला मात्र कारखान्यात. पहिल्या महायुद्धात तोफगोळे आणि इंजिनांचे भाग कातण्यासाठी लेथवर भरभर चालणारं टूल हवं होतं. साधं पोलाद तापलं की मऊ पडायचं. स्टेलाइट तापून लाल व्हायला आला तरी कापत राहायचा. याच सुमारास, १९१३ मध्ये, इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रिअर्लीने सुमारे १३ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस स्टील काढलं. ते कोबाल्टपेक्षा कितीतरी स्वस्त होतं, त्यामुळे सुरी-काट्यांचा बाजार त्याच्याकडे गेला. हेन्सने १९२० मध्ये आपली कंपनी विकली. पण त्याच्या धातूचा वंश वाढतच राहिला. १९३० च्या दशकात ‘व्हायटॅलियम’ नावाचा कोबाल्ट-क्रोम-मॉलिब्डेनमचा मिश्रधातू आधी दातांच्या कवळीच्या सांगाड्यासाठी आणि मग हाडांसाठी वापरात आला. १९३८ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या सांध्यात त्याची वाटी बसवली. आज हृदयाच्या रक्तवाहिनीत जो कोबाल्ट-क्रोमचा स्टेंट बसवतात, त्यातल्या एका नेहमीच्या मिश्रधातूचं जुनं नाव ‘हेन्स २५’ असं आहे. म्हणजे न काळवंडणाऱ्या सुरीच्या शोधातून निघालेला धातू मिरजेच्या पेशंटांच्या गुडघ्यात आणि छातीत आहे, सुरी मात्र पोलादाचीच राहिली.

याचं कारण पोलादाच्या एका गुणात आहे, आणि तो गुण मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मिरजेचे सतार आणि तंबोरे करणारे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणं, त्या उजळणं हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटत गेलं, तेव्हा यातल्या काहींनी तंतुवाद्यांकडे मोहरा वळवला. त्यात फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन शिकलगार यांची नावं आदराने घेतली जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या वाद्यांवर भरपूर लिहिलं गेलंय. त्यांचं आधीचं ज्ञान, म्हणजे धातूची पारख, त्या मानाने कमी सांगितली जाते. लाखेत कुरुंदाची पूड मिसळून केलेली साण, तिच्यावर पात्याचा कोन धरणारा हात, आणि पात्याला ‘पाणी’ किती आहे हे ओळखणारी नजर, ही त्यांची विद्या.

पोलादाला पाणी देणं म्हणजे नेमकं काय होतं? लोखंडात थोडा कार्बन असला की ते पोलाद. चांगल्या चाकूच्या पोलादात तो अर्धा ते दीड टक्का असतो. असं पोलाद ८०० अंशांच्या वर तापवलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तिच्यात कार्बनला शिरायला जागा मिळते. हळूहळू गार होऊ दिलं तर अणू पुन्हा जुन्या मांडणीत जातात आणि कार्बन बाहेर पडून वेगळा बसतो. असं पोलाद मऊ राहतं. पण लालभडक पातं एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवलं, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, अणूंची मांडणी ताणली जाते, आणि तो ताण म्हणजेच कठीणपणा. या अवस्थेत पातं इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर तुटेल. म्हणून ते पुन्हा थोडं तापवायचं, म्हणजे त्याचं पाणी थोडं उतरवायचं. घासून उजळ केलेल्या पात्यावर आधी फिकट पिवळा रंग येतो, तो साधारण २२० अंशांच्या आसपास. मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांजवळ निळा. चाकूचं पातं पिवळ्यावर थांबवतात, स्प्रिंग निळ्यावर. भट्टीजवळ थर्मामीटर नसतानाही लोहार हे तापमान रंगावरून धरतात.

या विद्येचा एक धागा मुंबईतून थेट लंडनला गेला होता. १७९४ च्या सुमारास मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी इथल्या ‘वूट्झ’ पोलादाचे गट्टे रॉयल सोसायटीकडे पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट या चाकू-वस्तरे करणाऱ्या कारागिराने त्यातून लेखणी तासायचा चाकू घडवला. सुमारे २३० अंशांवर त्याचं पाणी उतरवून घेतलं, आणि धार युरोपातल्या उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली. पुढे स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारंही या भारतीय पोलादाची करून विकत असे. १८२० च्या आसपास त्याने तरुण मायकल फॅरेडेला बरोबर घेऊन पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम घालून पाहिलं. पोलादात दुसरा धातू मुद्दाम मिसळून गुण बदलता येतो का, हे शिस्तीने तपासण्याची ही सुरुवातीची उदाहरणं. ब्रिअर्ली आणि हेन्स ज्या वाटेने गेले, तिच्या तोंडाशी मुंबईहून गेलेल्या पोलादाचा एक लहानसा चाकू आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता कोबाल्टकडे. चाकूसाठी वापरला जाणारा नेहमीचा मिश्रधातू म्हणजे ‘स्टेलाइट ६बी’. त्यात सुमारे ३० टक्के क्रोमियम, चार-साडेचार टक्के टंगस्टन, एक टक्क्याच्या आसपास कार्बन, थोडं निकेल आणि लोखंड. उरलेला सगळा, म्हणजे निम्म्याहून जास्त, कोबाल्ट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत याच जातीचा मिश्रधातू ‘टॅलोनाइट’ नावाने चाकूवाल्यांमध्ये गाजला. ॲरिझोनातले डेव्हिड बोय हे कारागीर कोबाल्टची पाती ओतून करू लागले आणि खलाशांसाठी घडीचे चाकू विकू लागले.

हा धातू पाणी धरत नाही. तापवून कितीही वेळा बुडवा, पोलादासारखा तो कठीण होत नाही, कारण कार्बन अडकून ताण बसण्याची ती क्रिया इथे घडतच नाही. कारखान्यातून पत्रा जसा आला, तेवढंच त्याच्या अंगचं बळ. कठीणपणाच्या रॉकवेल मापावर चांगल्या चाकूचं पोलाद ५८ ते ६२ भरतं, स्वयंपाकघरातली साधी स्टेनलेसची सुरी ५२ ते ५५ च्या घरात, आणि स्टेलाइट ६बी जेमतेम ३६ ते ४०. ‘६के’ नावाचा त्याचा भाऊ जास्त कार्बनमुळे ४५ च्या आसपास जातो. नुसते आकडे पाहिले तर हा चाकूचा धातूच नव्हे, असं कोणीही म्हणेल.

तरीही तो कापतो, आणि काही गोष्टी तर कठीण पोलादापेक्षा जास्त वेळ कापतो. कारण मऊ कोबाल्टच्या अंगात क्रोमियम आणि कार्बनचे अतिशय कठीण कण रुतलेले असतात, शेवेच्या लाडवात शेंगदाणे असतात तसे. हे कार्बाइडचे कण वाळूच्या कणापेक्षाही कठीण. दोर, पोतं, पुठ्ठा, मातीने भरलेली मुळी अशा वस्तू कापताना धार बोथट होते ती मुख्यतः त्यांतल्या बारीक वाळूमुळे. वाळू पोलादाच्या अंगाला ओरखडते. कोबाल्टच्या पात्यात ती मऊ भाग थोडा झिजवते, पण कार्बाइडचे कण तसेच उभे राहतात आणि धारेला अतिशय बारीक दाते येतात. अशी धार गाल तासणार नाही, पण सुंभाचा दोर ओढून कापायला लागली की थांबणार नाही. बोय यांनी पाती घडवण्याऐवजी ओतली ती यासाठीच. ओतलेल्या धातूत हे कार्बाइड मोडत नाहीत, फांद्यांसारखे एकमेकांत गुंतून राहतात.

दुसरा गुण गंजाचा. स्टेनलेस म्हणून घेतलेला चाकूही कधीकधी गंजतो, याचं अनेकांना नवल वाटतं. कारण असं की, धार टिकावी म्हणून चाकूच्या पोलादात कार्बन वाढवावा लागतो आणि हा कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइड करतो. मग गंजाला अडवायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. ताट-वाट्यांच्या स्टीलमध्ये कार्बन नगण्य असतो, म्हणून ते गंजत नाही, आणि म्हणूनच त्याला धारही राहत नाही. स्टेलाइटमध्ये क्रोमियमच इतकं आहे की कार्बाइडचा वाटा गेल्यावरही भरपूर उरतं. शिवाय त्यातलं लोखंड नाममात्र. समुद्राच्या पाण्यात भिजवून तसाच मिटून ठेवलेला कोबाल्टचा चाकू आठवड्याने उघडला तरी पातं तसंच स्वच्छ.

घडीच्या चाकूच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. म्यानातली सुरी सहज पुसली जाते. घडीच्या चाकूला मात्र मुठीत खाच असते आणि आपण फळ चिरून, पान तोडून, दोर कापून तो मिटतो तेव्हा रस, घाम, माती सगळं त्या खाचेत कोंडलं जातं. पातं बाहेरून ठीक दिसतं आणि खिळ्याजवळ, जिथे फडकं पोचत नाही तिथे, गंज धरतो. मग चाकू उघडायला जड जातो, खिळा करकरतो. कोबाल्टच्या मिश्रधातूचा एक गुण इथे कामी येतो. धातूवर धातू घासला तरी तो सहसा चिकटत नाही आणि त्याचे लचके तुटत नाहीत. वीजघरातल्या भारी दाबाच्या वाफेच्या झडपांच्या बैठकीवर स्टेलाइटचा थर चढवतात, तो याच गुणासाठी. घासण्याच्या जोराने अणूंची वरची मांडणी सरकते आणि पृष्ठभाग आपोआप थोडा घट्ट होतो. गुडघ्यात तो टिकतो, त्यातही या गुणाचा वाटा आहे.

मग मिरज-तासगावच्या माणसाने असा चाकू घ्यावा का? इथे सरसकट हो किंवा नाही म्हणून भागत नाही. कोण काय कापणार, त्यावर ते ठरतं.

द्राक्षाचं कलम घ्या. सांगली जिल्ह्यात ‘डॉगरिज’सारख्या खुंटावर थॉमसन किंवा तास-ए-गणेशची काडी पाचर पद्धतीने भरतात. काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी उतार देऊन पाचर करायची. काप एकाच ओढीत, सपाट आणि न चिरडता बसला पाहिजे. सालीखालचा हिरवा थर खुंटाच्या थराला नेमका टेकला तर कलम धरतं. काप खडबडीत झाला, मध्ये फट राहिली, तर काडी वाळते. या कामाचा चाकू बहुतेक वेळा घडीचाच असतो, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरता. त्याला वस्तऱ्यासारखी बारीक, गुळगुळीत धार हवी. इथे कोबाल्ट मार खातो. त्याच्या धारेचा कोन फार निमुळता केला तर मऊ अंगामुळे धार वळते, आणि दाते असलेली धार हिरव्या सालीला ओरबाडते. कलम बांधणाऱ्याला साध्या कार्बन पोलादाचं पातं आणि खिशात बारीक दगडाचा तुकडा, हेच योग्य. तो दिवसातून अनेकदा धार लावतो, त्यामुळे पातं गंजायला उसंतच मिळत नाही. तुणाच्या लाकडावर पटाशी चालवणाऱ्या सतारमेकरचंही तेच. हातोडीचा घाव सोसणारी निमुळती धार फक्त पाणी दिलेलं पोलादच देतं.

द्राक्षबागेतच एक काम असं आहे जिथे पोलादाचं गंजणंच उपयोगी पडतं. केवडा रोगावर फवारायला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करतात. चुना कमी पडला तर मिश्रण आम्ल राहतं आणि पानं करपतात. ते तपासायची जुनी रीत म्हणजे घासून स्वच्छ केलेलं लोखंडी पातं द्रावणात थोडा वेळ धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना अजून हवा. लोखंड विरघळून द्रावणात जातं आणि त्याच्या जागी मोरचूदातलं तांबं पात्यावर येऊन बसतं. कोबाल्ट-क्रोमच्या किंवा चांगल्या स्टेनलेसच्या पात्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. तो ही देवाणघेवाण होऊच देत नाही. असं पातं बुडवून ‘थर आला नाही, मिश्रण ठीक आहे’ म्हणणारा बागायतदार बाग करपवून घेईल. ही परीक्षा साध्या लोखंडानेच करायची, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगायला हवं, कारण हल्ली हाताशी असते ती बहुतेक स्टेनलेसचीच सुरी.

जत-आटपाडीकडे डाळिंबाच्या बागेत चित्र थोडं बदलतं. तेल्या रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून छाटणी करताना कात्री दर झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटसारख्या जंतुनाशकात बुडवायला सांगतात. क्लोरीनचं हे पाणी पोलादाला फार लवकर खातं आणि स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतं. कोबाल्टचा मिश्रधातू इथे पोलादापेक्षा खूप जास्त टिकेल. पण अभेद्य तोही नाही. कोबाल्ट-क्रोमचा सांगाडा असलेली कवळी ब्लीचच्या पाण्यात भिजत ठेवू नका, असं दातांचे डॉक्टर बजावतात. शिवाय फांद्यांना घडीचा चाकू नव्हे, कात्री लागते, आणि तशी कात्री कोबाल्टची मिळत नाही.

या चाकूचं खरं घर रत्नागिरी-मालवणला आहे. मिरजेवरून जाणारा महामार्ग घाट उतरून जिथे संपतो, तिथे. होडीवर ओल्या हाताने, खाऱ्या पाण्यात भिजलेला, वाळू अडकलेला दोर कापायचा. धार लावायला वेळ नाही, पातं पुसायला कोरडं फडकं नाही. दोराला वस्तऱ्याची धार नकोच असते, दात्यांची हवी असते. शिवाय हा धातू चुंबकाकडे ओढला जात नाही, त्यामुळे होकायंत्राजवळ ठेवला तरी सुई ढळत नाही. खलाशांसाठी बनलेले कोबाल्टचे घडीचे चाकू टिकून राहिले आणि बाकीचे बहुतेक प्रयोग मावळले, ते उगाच नाही.

किंमत हा मोठा अडसर आहे. गेल्या काही वर्षांत कोबाल्टचा भाव किलोला वीस-बावीस डॉलरपासून ऐंशी डॉलरपर्यंत हेलकावे खात आला आहे. साधं पोलाद किलोला एका डॉलरच्या आसपास मिळतं. त्यात या धातूवर काम करणं जिकिरीचं. ड्रिल मारायला गेलं की तो घट्ट होतो आणि ड्रिलच बोथट होतं. पातं कापायला लेसर किंवा पाण्याचा झोत लागतो, घासायला हिऱ्याचे किंवा सिरॅमिकचे पट्टे. एक सोय मात्र आहे. ग्राइंडरवर पातं कितीही तापलं तरी त्याचं पाणी उतरत नाही, कारण उतरायला मुळात पाणीच नाही. पोलादाच्या पात्यावर घाईने धार लावताना टोकाशी निळा डाग दिसला की तेवढा भाग मऊ पडलेला असतो, आणि रस्त्यावरच्या यंत्रावर लावून आणलेल्या सुऱ्या आठवड्यात बोथट होतात त्यामागे बरेचदा हेच असतं. कोबाल्टच्या बाबतीत ही चूक होऊच शकत नाही.

पण त्याची धूळ वाईट. कोबाल्टची धूळ छातीत गेली की फुफ्फुसाचा चिवट आजार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये कोबाल्ट धातूचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. हा इशारा चाकूपुरता नाही. मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर जी कार्बाइडची टिप चालते, तिच्यात टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टनेच बांधलेले असतात. ती टिप कोरड्या ग्राइंडरवर, मास्क न लावता घासणारी पोरं आपण पाहतो. पाण्याची धार सोडून घासणं आणि धूळ ओढून घेणारा पंखा बसवणं, एवढ्याने फुफ्फुसं वाचतात, आणि यात काटकसर करणाऱ्या मालकांविषयी मला मनापासून राग आहे. घासल्यावर सुटणारे बारीक कण शरीरात काय करतात, हे खुब्याच्या काही सांध्यांनीही दाखवून दिलं. वाटी आणि गोळा दोन्ही कोबाल्ट-क्रोमचे असलेल्या काही सांध्यांतून धातू रक्तात उतरू लागला आणि २०१० च्या सुमारास जगभर असे सांधे मागे घ्यावे लागले. गुडघ्यात कोबाल्ट-क्रोम प्लास्टिकवर घासला जातो, धातूवर नव्हे, म्हणून तिथे तो प्रश्न तसा येत नाही.

खाणीचा मुद्दाही टाळता येत नाही. जगातला सत्तर टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतो आणि तिथल्या हाताने खोदलेल्या खाणींत लहान मुलं राबतात, हे वारंवार उघड झालं आहे. त्यातला बराचसा कोबाल्ट बॅटऱ्यांत जातो. चाकूंचा वाटा त्यात नगण्य आहे. तरी गुडघ्यासाठी तो लागणार असेल तर लागो, हौसेच्या चाकूसाठी मात्र मन कचरतं.

बाजारात ‘कोबाल्ट’ असं लिहिलेला घडीचा चाकू दिसला, तर तो बहुधा या जातीचा नसतोच. जपानचं व्हीजी-१० किंवा ऑस्ट्रियाचं एन६९० ही चांगली पोलादं आहेत. त्यांत कोबाल्ट दीड टक्क्याच्या आसपास, बाकी लोखंड आणि क्रोमियम. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ‘कोबाल्ट ड्रिल’ म्हणजे एम३५ किंवा एम४२ हे हायस्पीड स्टील, त्यात पाच ते आठ टक्के कोबाल्ट. ही सगळी पाणी धरणारी पोलादंच, कोबाल्ट त्यांना फक्त उष्णता सोसायला मदत करतो. फरक ओळखायला दुकानात चुंबक पुरेल. पोलादाचं पातं चुंबक धरेल, स्टेलाइटचं धरणार नाही. वजन थोडं जास्त लागेल, आणि रंग क्रोमियमच्या चकाकीपेक्षा किंचित करडा. असं पातं हाती आलंच तर त्याला पोलादासारखी निमुळती धार लावायचा हट्ट धरू नका. दोन्ही बाजू मिळून चाळीस अंशांच्या आसपास कोन ठेवा, कुरुंदाचा मध्यम खरखरीत दगड वापरा आणि फार बारीक दगडावर घोटत बसू नका. दाते राहिले पाहिजेत.